एलडीपी नेबर अप येत नाहीये? मग कुठून बघायला सुरुवात करायची

ओएसपीएफ (राउटरना एकमेकांचे रस्ते सांगणारा राउटिंग प्रोटोकॉल) फुल आहे, लूपबॅकवरून (राउटरचा स्वतःचा आभासी इंटरफेस, कुठल्याही एका लिंकला न बांधलेला) लूपबॅकला पिंग जातोय, इंटरफेसवर एकही एरर नाही आणि तरीही व्हीपीएनचा ट्रॅफिक मधेच कुठेतरी गायब होतोय, अशी तक्रार आली की पहिली शंका एलडीपीवर, म्हणजे राउटर ज्या प्रोटोकॉलने एकमेकांना लेबलं सांगतात त्यावर, घ्यायची. साधा पिंग हा आयपीवर जातो, त्याला लेबल लागत नाही, त्यामुळे तो चालतो म्हणजे एमपीएलएस (आयपी पत्त्याऐवजी लेबल बघून पॅकेट पुढे पाठवायची पद्धत) चालतंय असं अजिबात नाही. व्हीपीएनचं पॅकेट मात्र दोन लेबलं घेऊन निघतं आणि मधल्या राउटरला कस्टमरचे प्रिफिक्स माहीतच नसतात, तो फक्त वरचं लेबल बघून पुढे ढकलतो, आणि ज्या हॉपवर एलडीपी नेबर पडलाय तिथे पुढचं लेबलच नसल्याने पॅकेट तिथेच मरतं. म्हणून नवीन मंडळींनी हे नीट शिकून घ्यायला हवं, कारण अलार्म कुठेच वाजत नाही आणि कस्टमर मात्र बंद असतो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, बाकी सगळं त्यावरच उभं आहे. एलडीपी नेबर दोन टप्प्यांत बनतो. पहिला टप्पा हॅलोचा: राउटर आपल्या लिंकवर २२४.०.०.२ या मल्टिकास्ट पत्त्यावर यूडीपी पोर्ट ६४६ वर हॅलो टाकत राहतो. दुसरा टप्पा सेशनचा: हॅलोमध्ये जो ट्रान्सपोर्ट अ‍ॅड्रेस मिळाला (बहुतेक ठिकाणी तो लूपबॅकच असतो) त्याच्याशी टीसीपी पोर्ट ६४६ वर कनेक्शन होतं, मग इनिशियलायझेशन मेसेज, मग कीपअलाइव्ह, आणि मग लेबलं यायला लागतात. हॅलो लिंकवरून जातो पण सेशन लूपबॅक ते लूपबॅक होतं. म्हणजे हॅलोला राउटिंग लागत नाही, सेशनला लागतं. नेबर अप नसेल तर पहिला प्रश्न एकच, गाडी कुठल्या टप्प्यावर अडली? याचं उत्तर मिळायच्या आत कॉन्फिगमध्ये एक ओळसुद्धा बदलू नका, आणि क्लिअर कमांड तर मुळीच मारू नका, लॉगमधलं कारण वाचायचं राहून जातं आणि मग नुसतं अंदाजपंचे चालू होतं.

उदाहरणासाठी दोन राउटर धरू. आर१ चा लूपबॅक १०.०.०.१, आर२ चा १०.०.०.२, मधे एक सरळ लिंक. कमांड सिस्को आयओएसच्या सांगतोय कारण शिकायला बहुतेकांकडे तेच असतं, ज्युनिपरचा फरक जिथे महत्त्वाचा तिथे सांगेन.

पायरी १, हॅलो दिसतायत का

आर१ वर शो एमपीएलएस एलडीपी डिस्कव्हरी मारा. इंटरफेसच्या नावापुढे एक्समिट/रिसीव्ह असं दोन्ही दिसलं तर हॅलो जातायत पण आणि येतायत पण. नुसतं एक्समिट दिसलं तर आपण बोलतोय पण समोरून काही ऐकू येत नाहीये. आणि इंटरफेसच यादीत नसेल तर आपल्याकडेच एलडीपी चालू नाहीये, बाहेर शोधत बसू नका.

यादीत नसेल तर शो एमपीएलएस इंटरफेसेस बघा. आयओएसमध्ये इंटरफेसखाली एमपीएलएस आयपी लिहिलेलं पाहिजे (किंवा ओएसपीएफखाली एलडीपी ऑटोकॉन्फिग), आणि आयपी सेफ (सीईएफ, सिस्कोची पॅकेट पुढे पाठवायची यंत्रणा) चालू पाहिजे, ते बंद असेल तर एमपीएलएस चालणारच नाही. आयओएस एक्सआरमध्ये इंटरफेस एमपीएलएस एलडीपीच्या खाली लिहावा लागतो, इंटरफेसमध्ये जाऊन शोधलात तर काहीच सापडणार नाही. ज्युनिपरमध्ये तीन जागा बघायच्या: इंटरफेसच्या युनिटवर फॅमिली एमपीएलएस, प्रोटोकॉल्स एमपीएलएसमध्ये तो इंटरफेस, आणि प्रोटोकॉल्स एलडीपीमध्ये तो इंटरफेस. तीनपैकी एक विसरणं फार कॉमन आहे, त्यातही युनिट नंबर चुकीचा टाकणं, म्हणजे लिंक युनिट १०० वर आणि एलडीपी युनिट ० वर. जुन्या सिस्को बॉक्सवर अजून एक बघा, लेबल प्रोटोकॉल टीडीपी तर नाही ना. तो सिस्कोचा जुना स्वतःचा प्रोटोकॉल, टीसीपी पोर्ट ७११ वर चालायचा, आणि एका बाजूला टीडीपी दुसऱ्या बाजूला एलडीपी असेल तर दोघं एकमेकांना कधीच भेटणार नाहीत.

नुसतं एक्समिट असेल तर लगेच आर२ वर जाऊन तीच कमांड मारा. तिथे इंटरफेस यादीतच नसेल तर काम झालं, समोर एलडीपी चालू करायचं राहिलंय. पण तिथेही नुसतं एक्समिट असेल, म्हणजे दोघंही बोलतायत आणि दोघांनाही ऐकू येत नाहीये, तर मधे कोणीतरी खातंय. इंटरफेसवरची एसीएल (कुठलं पॅकेट जाऊ द्यायचं त्याची यादी) बघा, मधे स्विच असेल तर त्यावरचं मल्टिकास्ट फिल्टरिंग आणि स्टॉर्म कंट्रोल बघा, व्हीलॅन तोच आहे का बघा. इथे एक आधार घेता येतो: ओएसपीएफचे हॅलोसुद्धा मल्टिकास्टच असतात, २२४.०.०.५ वर, त्यामुळे ओएसपीएफ नेबर त्याच लिंकवर फुल असेल तर लिंक सगळंच मल्टिकास्ट खातेय असं नाही, मग यूडीपी ६४६ वरच कुणाचा तरी डोळा आहे, म्हणजे जवळजवळ नक्की एसीएल किंवा कंट्रोल प्लेन पोलिसिंग (राउटरच्या सीपीयूकडे येणाऱ्या पॅकेटवर घातलेली मर्यादा).

एका बाजूला हॅलो येतोय आणि दुसऱ्या बाजूला नाही, हा प्रकार जास्त फसवा. अशा वेळी टीसीपी कनेक्शन होऊ शकतं, पण इनिशियलायझेशन मेसेज गेला की समोरचा म्हणतो मला तुझा हॅलोच मिळाला नाही आणि सेशन नाकारतो. लॉगमध्ये सेशन रिजेक्टेड, नो हॅलो असं दिसलं की टीसीपीच्या मागे लागू नका, पुन्हा पायरी १ वर या आणि हॅलो कुठल्या दिशेला मरतायत ते शोधा.

पायरी २, आयडी आणि रूट

हॅलो दोन्ही बाजूंनी दिसतायत पण नेबर नाही, हा सगळ्यात जास्त वेळा भेटणारा केस. आता डिस्कव्हरीच्याच आउटपुटमध्ये समोरच्याचा एलडीपी आयडी बघा. तो १०.०.०.२:० असा दिसेल, पहिले चार बाइट राउटर आयडी आणि कोलननंतरचं शून्य म्हणजे लेबल स्पेस, पूर्ण राउटरची मिळून एकच. या ओळीत शेवटी नो रूट असे दोन शब्द दिसले तर अर्धं काम तिथेच झालं, आर१ कडे १०.०.०.२ ला जायचा रूट नाही.

म्हणजे लूपबॅक आयजीपीमध्ये (नेटवर्कच्या आतला राउटिंग प्रोटोकॉल, इथे ओएसपीएफ) टाकायचा राहिलाय. किंवा टाकलाय पण आर२ वर लूपबॅक दोन-तीन आहेत आणि एलडीपीने भलताच उचललाय. आयओएसचा नियम असा की राउटर आयडी सांगितला नसेल तर सगळ्यात मोठा आयपी असलेला लूपबॅक घ्यायचा, लूपबॅक नसेल तर फिजिकल इंटरफेसमधला सगळ्यात मोठा आयपी. आता कोणी मॅनेजमेंटसाठी किंवा टेस्टिंगसाठी १९२.१६८ वाला एक लूपबॅक बनवला आणि राउटर रीबूट झाला, की एलडीपी तो उचलणार, तो आयजीपीमध्ये नसणार आणि काल चालत असलेला नेबर आज पडलेला असणार. यावर उपाय एकच आणि तो पहिल्या दिवसापासून सगळ्या राउटरवर लावा: एमपीएलएस एलडीपी राउटर आयडी लूपबॅक ० फोर्स. शेवटचा फोर्स नाही लिहिला तर नवीन आयडी लगेच लागू होत नाही, जुना आयडी ज्या इंटरफेसचा आहे तो पडेपर्यंत किंवा रीबूटपर्यंत जुनाच चालू राहतो, आणि तुम्ही म्हणत बसता की कॉन्फिग तर बरोबर आहे मग का होत नाही. फक्त हे लक्षात ठेवा की फोर्समुळे चालू असलेली सेशन पडून पुन्हा उठतात, म्हणून लाइव्ह नेटवर्कवर मेंटेनन्स विंडोमध्येच.

दोघांचा राउटर आयडी एकच असणं हेही होतं, एका राउटरचा कॉन्फिग दुसऱ्यावर कॉपी पेस्ट करून लूपबॅक बदलायचा राहिला की. दोन्हीकडे आयडी वाचून बघा, अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

रूट आहे असं दिसलं तरी पिंग सोर्स देऊन मारा. आर१ वरून नुसतं पिंग १०.०.०.२ केलं तर सोर्स लिंकचा आयपी जातो आणि उत्तर येतं, पण सेशनला लूपबॅक ते लूपबॅक लागतं. म्हणून सोर्स लूपबॅक ० देऊन मारा, आणि तेच आर२ वरूनही. आणि डिफॉल्ट रूटच्या भरवशावर राहू नका, समोरच्या लूपबॅकचा /३२ रूट टेबलमध्ये डोळ्यांनी दिसला पाहिजे, त्याची गरज पुढे लेबललाही लागणारच आहे.

दोन राउटरमध्ये समांतर दोन लिंक असतील तर अजून एक बघायचं. कितीही लिंक असल्या तरी सेशन एकच असतं, त्यामुळे सगळ्या लिंकवर ट्रान्सपोर्ट अ‍ॅड्रेस एकच जाहीर व्हायला हवा. एका लिंकवर कोणी डिस्कव्हरी ट्रान्सपोर्ट अ‍ॅड्रेस इंटरफेस लावून ठेवलं असेल तर त्या लिंकचा हॅलो वेगळा पत्ता सांगतो आणि गोंधळ सुरू होतो.

पायरी ३, टीसीपी कुठे अडतंय

दोन राउटरमधून कनेक्शन कोण उघडणार हे ठरलेलं असतं. ज्याचा ट्रान्सपोर्ट अ‍ॅड्रेस मोठा तो अ‍ॅक्टिव्ह, तो टीसीपी उघडतो, लहानवाला पॅसिव्ह, तो ऐकत बसतो. आपल्या उदाहरणात १०.०.०.२ मोठा आहे म्हणजे आर२ वरच्या कुठल्यातरी मोठ्या नंबरच्या पोर्टवरून आर१ च्या ६४६ वर कनेक्शन येणार. हे माहीत असलं की फिल्टर वाचताना डोकं चालतं: आर१ च्या आत येताना डेस्टिनेशन पोर्ट ६४६ आहे, पण आर२ च्या आत उत्तर येताना ६४६ हा सोर्स पोर्ट आहे. राउटरच्या संरक्षणासाठी लावलेल्या फिल्टरमध्ये (ज्युनिपरवर तो लो० वर असतो) बरेच जण फक्त डेस्टिनेशन ६४६ उघडतात, आणि मग काही नेबर चालतात काही चालत नाहीत, कारण कोण मोठा कोण लहान त्यावर ते अवलंबून असतं. दहा नेबरपैकी चार अप नाहीत आणि त्या चौघांचे लूपबॅक आपल्यापेक्षा लहान आहेत असं दिसलं तर सरळ फिल्टर उघडून वाचा. यूडीपी आणि टीसीपी दोन्ही ६४६, आणि टीसीपीला सोर्स व डेस्टिनेशन दोन्ही, एवढं परमिट असलं पाहिजे.

अ‍ॅक्टिव्ह बाजूच्या राउटरवरून टेलनेट १०.०.०.१ ६४६ सोर्स लूपबॅक ० करून बघता येतं. ओपन आलं तर रस्ता मोकळा, लगेच रिफ्यूज्ड आलं तर पॅकेट पोचलं पण समोर ऐकायला कोणी नाही किंवा फिल्टरने नकार पाठवला, आणि नुसतंच लटकून टाइमआउट झालं तर कोणीतरी गुपचूप टाकून देतंय. पण सेशनला पासवर्ड लावलेला असेल तर या टेस्टवर विश्वास ठेवू नका, एमडी५ सही नसलेलं पॅकेट राउटर उत्तर न देताच फेकतो, म्हणजे रस्ता चांगला असूनही टाइमआउटच दिसणार.

पासवर्डचा विषय निघालाच आहे तर लॉग नीट वाचा. टीसीपी बॅडऑथच्या ओळीत नो एमडी५ डायजेस्ट असेल तर समोरच्याने पासवर्ड लावलेलाच नाही. इनव्हॅलिड एमडी५ डायजेस्ट असेल तर लावलाय पण वेगळा आहे. दोन्हींमधला फरक मोठा आहे, पहिल्यात समोरच्या टीमला फोन करून लावायला सांगायचं, दुसऱ्यात दोघांनी बसून पुन्हा टाइप करायचा, आणि कॉपी पेस्ट करताना शेवटी स्पेस आलीय का बघायचं. शिवाय आयओएसमध्ये पासवर्ड हा नेबरच्या राउटर आयडीवर लागतो, लिंकच्या आयपीवर लावून ठेवला तर तो कुणालाच लागू होत नाही.

सगळं दुरुस्त केलं आणि तरी नेबर लगेच उठत नाहीये म्हणून परत कॉन्फिग उलटंपालटं करू नका. इनिशियलायझेशन नाकारलं गेलं की राउटर पुन्हा प्रयत्न करायच्या आधी थांबतो आणि ही थांबायची वेळ दर वेळी वाढत जाते, सिस्कोवर १५ सेकंदांपासून १२० सेकंदांपर्यंत. दोन मिनिटं हात बांधून थांबा. घाई असेल तर आता, म्हणजे कारण सापडून दुरुस्त झाल्यावर, फक्त त्या एका नेबरला क्लिअर मारा.

पायरी ४, अप होतो आणि पुन्हा पडतो

फ्लॅपिंगमध्ये लॉगच सगळं सांगतो, नेबर चेंजच्या ओळीत कंसात कारण असतं.

डिस्कव्हरी हॅलो होल्ड टाइमर एक्स्पायर्ड म्हणजे त्या लिंकवर सलग हॅलो आले नाहीत. लिंक हॅलो दर ५ सेकंदांनी जातो आणि होल्ड १५ सेकंद, म्हणजे लागोपाठ तीन हुकले. लिंक कंजेस्ट होतेय का, सीपीयू वर जातोय का, कंट्रोल प्लेन पोलिसरचे ड्रॉप वाढतायत का हे बघा. टाइमर वाढवून लक्षण दाबता येतं पण मला ते पटत नाही, ड्रॉप तसेच राहतात आणि उद्या दुसरा प्रोटोकॉल पडतो.

सेशन कीपअलाइव्ह टाइमर एक्स्पायर्ड म्हणजे हॅलो ठीक आहेत पण टीसीपी मेलाय. सिस्कोवर डिफॉल्ट होल्ड १८० सेकंद, ज्युनिपरवर ३०, आणि दोघं जोडले तर दोन्हींतला लहान, म्हणजे ३० ठरतो. आकडे जुळत नाहीत म्हणून सेशन येत नाही असं नसतं, तिकडे वेळ घालवू नका.

इथे एक केस जवळून बघण्यासारखा आहे. नेबर अप होतो, बरोबर तीन मिनिटांनी पडतो, लगेच पुन्हा अप, पुन्हा तीन मिनिटांनी डाउन, घड्याळ लावल्यासारखं. होल्ड १८० सेकंद आणि पडायची वेळही १८० सेकंद, हा योगायोग नाही, सेशन अप झाल्या क्षणापासून एका बाजूला काहीच मिळालेलं नाहीये. बहुतेक वेळा हा एमटीयू (लिंकवरून एका वेळी जाऊ शकणाऱ्या पॅकेटची कमाल साइझ) असतो. हॅलो छोटा, इनिशियलायझेशन छोटं, पहिला कीपअलाइव्ह छोटा, म्हणून सेशन ऑपरेशनल होतं. मग राउटर आपली सगळी लेबलं एकदम पाठवतो, टीसीपी सेगमेंट पूर्ण भरून जातो, आणि मधल्या भाड्याच्या लेअर २ सर्किटवर तेवढी फ्रेम जातच नाही. टीसीपी तोच सेगमेंट पुन्हा पुन्हा पाठवत बसतो, त्याच्या मागे रांगेत असलेले कीपअलाइव्ह पण अडकतात आणि १८० सेकंदांनी समोरचा कंटाळून सेशन तोडतो. दोन्ही राउटरवर एमटीयू १५०० लिहिलेला असतो म्हणून ओएसपीएफही तक्रार करत नाही, त्याला फक्त दोन बाजूंचे आकडे जुळले की पुरतं, मधल्या सर्किटचं त्याला काय माहीत. तपासायला पिंग १०.०.०.२ सोर्स लूपबॅक ० साइझ १५०० डीएफ बिटसह (पॅकेटचे तुकडे करू नका असं सांगणारा बिट) मारा, नाही गेला तर आकडा कमी करत जा आणि कुठल्या साइझला जायला लागतो ते लिहून ठेवा, सर्किट देणाऱ्याशी बोलताना हाच आकडा लागतो. आणि त्याच्याकडे मागताना नुसते १५०० मागू नका, एका लेबलला ४ बाइट, व्हीपीएनला दोन लेबलं म्हणजे १५०८, वर थोडी जागा हातची ठेवूनच मागा.

टार्गेटेड सेशन, म्हणजे लिंकने न जोडलेल्या दोन राउटरमधलं, जे स्यूडोवायरसाठी (एमपीएलएसवरून दिलेली लेअर २ जोडणी) लागतं, त्यात हॅलो मल्टिकास्ट नसून सरळ समोरच्या पत्त्यावर जातो. तिथे पायरी १ मध्येच रूट लागतो आणि दोन्हीकडे एकमेकांचे पत्ते असावे लागतात, किंवा एकाने टार्गेटेड हॅलो अ‍ॅक्सेप्ट चालू ठेवावं लागतं. ज्युनिपरवर यासाठी लो० सुद्धा प्रोटोकॉल्स एलडीपीखाली टाकावा लागतो, हे बरेच जण विसरतात. बाकी सगळं वरच्यासारखंच.

पायरी ५, अप झाला, आता लेबल बघा

शो एमपीएलएस एलडीपी नेबरमध्ये स्टेट ऑपरेशनल दिसलं की लोक तिकीट बंद करतात, तसं करू नका. शो एमपीएलएस फॉरवर्डिंग टेबलमध्ये लांबच्या पीई राउटरचा (ज्याला कस्टमर जोडलेला असतो तो कडेचा राउटर) लूपबॅक शोधा आणि आउटगोइंगमध्ये नंबर किंवा पॉप लेबल आहे का बघा. नो लेबल दिसत असेल तर नेबर अप असूनही एलएसपी (लेबलांनी बनलेला या टोकापासून त्या टोकापर्यंतचा रस्ता) तुटलेलीच आहे. याचं एक नेहमीचं कारण म्हणजे लूपबॅकला /२४ मास्क दिलेला असणं. ओएसपीएफ लूपबॅकला होस्ट धरून /३२ जाहीर करतो, पण ज्याचा तो लूपबॅक आहे तो राउटर आपल्या टेबलमधल्या /२४ लाच लेबल देतो, शेजाऱ्याकडे रूट /३२ चा आणि लेबल /२४ चं, दोन्ही जुळत नाही आणि लेबल वापरलंच जात नाही. लूपबॅकला /३२ द्या, विषय संपला. एरिया बॉर्डरवर कोणी लूपबॅक समराइझ केले असतील तरी हेच होतं. सिस्को आयजीपीमधल्या सगळ्या प्रिफिक्सना लेबल देतो आणि ज्युनिपर मुळात फक्त आपल्या लूपबॅकला, त्यामुळे मिक्स नेटवर्कमध्ये लिंकच्या सबनेटला लेबल नाही म्हणून घाबरू नका, लूपबॅकला आहे ना तेवढं बघा.

शेवटी एलडीपी आयजीपी सिंक चालू आहे का बघा आणि नसेल तर चालू करायची विनंती टाका. त्याने काय होतं, लिंकवर एलडीपी तयार होईपर्यंत ओएसपीएफ त्या लिंकचा कॉस्ट ६५५३५ सांगतो, म्हणजे दुसरा रस्ता असेल तर ट्रॅफिक तिकडून जातो आणि लेबल नसलेल्या लिंकवर येऊन मरत नाही. पुढच्या वेळी एलडीपी पडलाच तर कस्टमरचा फोन यायच्या आधी तुम्हाला तो शांतपणे बघता येईल. सिंक लावल्यावर शो एमपीएलएस एलडीपी आयजीपी सिंकमध्ये त्या इंटरफेससमोर सिंक अचीव्ह्ड आलंय हे बघा, नेबरचा अपटाइम होल्ड टाइमच्या बराच पुढे गेलाय हेही बघा, आणि मगच तिकीट बंद करा.